पाटी बदलण्याआधी कोपऱ्यातली चौकट पाहा

प्रश्न : माझे वडील वास्तुविशारद आहेत. १९८८ मध्ये त्यांनी सांगलीत स्वतःच्या आडनावाने कार्यालय सुरू केले आणि आडनावापुढे ‘अँड असोसिएट्स, आर्किटेक्ट्स’ एवढेच लिहिले. मीही वास्तुविशारद आहे. नगररचनेतले पदव्युत्तर शिक्षण घेऊन नऊ वर्षांपूर्वी त्यांच्यासोबत काम करू लागले आणि आता भागीदार आहे. आज आमच्याकडे सोळा माणसे आहेत आणि निम्म्याहून अधिक काम इमारतींचे नसून नगरपरिषदांसाठीचे नकाशे, सर्वेक्षणे आणि मोठे अभिन्यास (लेआउट) यांचे आहे. पुढच्या आर्थिक वर्षापासून आमचा एक सहकारीही भागीदार होईल. तो नगररचनाकार आहे, पण वास्तुविशारद म्हणून त्याची नोंदणी नाही. आमचे बदललेले काम बाहेर कोणाला कळत नाही, म्हणून एका एजन्सीकडून नवी ओळख करून घ्यायचे ठरवले. साडेतीन लाखांत नवे इंग्रजी नाव, निळसर-केशरी छटांचे बोधचिन्ह, ऐंशी पानांची नियमपुस्तिका, कार्यालयाबाहेर चार फुटी उजळणारी अक्षरे आणि समाजमाध्यमांवर सहा महिन्यांच्या जाहिराती, असा त्यांचा प्रस्ताव आहे. बाबा तो पाहून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या नकाशांची गुंडाळी आवरताना फक्त म्हणाले, ‘मग माझी पाटी कधी उतरवायची?’ आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या त्या एका वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ऐंशी पानांच्या प्रस्तावाने ज्याला हातही लावलेला नाही असा मुद्दा त्यांनी नेमका काढला आहे. संस्थापकाचे नाव कधी, कसे आणि किती मागे घ्यायचे, हा प्रश्न आडनावावर चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयापुढे दुसऱ्या पिढीत येतो, आणि संस्थापक रोज कार्यालयात येऊन बसत असतानाच तो सोडवला तर बराच सोपा जातो. लंडनमध्ये रिचर्ड रॉजर्स यांचे कार्यालय १९७७ पासून त्यांच्या एकट्याच्या नावाने चालत होते. २००७ मध्ये, ते स्वतः कामात असताना, ग्रॅहॅम स्टर्क आणि आयव्हन हार्बर या सहकाऱ्यांची आडनावे त्यांच्या आडनावाला जोडली गेली. २०२० मध्ये रॉजर्स निवृत्त झाले, २०२१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले, आणि २०२२ मध्ये कार्यालय ‘आरएसएचपी’ या चार अक्षरांवर आले. म्हणजे एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जायला त्यांनी पंधरा वर्षे घेतली आणि मधल्या काळात कोणत्याही ग्राहकाला कार्यालय बदलले असे वाटू दिले नाही. झाहा हदीद यांच्या कार्यालयाची कथा याच्या उलट आहे. त्यांच्या हयातीत, २०१३ मध्ये, झालेल्या परवाना करारामुळे २०१६ मधील त्यांच्या निधनानंतरही कार्यालयाला नावापोटी स्वतःच्या उत्पन्नाचा ६ टक्के हिस्सा द्यावा लागत राहिला, आणि हा करार संपवता येतो का, यावरून प्रकरण न्यायालयात गेले. तुमच्या घरात असा वाद होईल असे मला सुचवायचे नाही. परंतु नवा भागीदार घेताना जो करार लिहाल त्यात कार्यालयाचे नाव कोणाच्या मालकीचे आहे आणि एखादा भागीदार निवृत्त झाल्यावर त्याचे आडनाव किती काळ व कोणत्या अटींवर वापरता येईल, याचे एक कलम अवश्य घाला. बोधचिन्हाच्या पहिल्या रेखाटनाआधी हे कलम लिहून झालेले असावे.

तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र अहमदाबादचे आहे. हसमुख पटेल यांच्या नावाची आद्याक्षरे असलेले ‘एचसीपी’ हे कार्यालय त्यांचे चिरंजीव बिमल पटेल यांच्या काळात नगरनियोजनाच्या कामांकडे विस्तारले; साबरमतीच्या काठाचा विकास हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले काम. त्यांनी वडिलांची तीन अक्षरे ठेवली आणि त्यांच्यापुढे ‘डिझाइन, प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट’ असे साधे वर्णन लिहिले. नाव वारशाचे आणि वर्णन आजच्या कामाचे, अशी ती सरळ वाटणी आहे. माझा सल्ला थोडक्यात सांगायचा तर हाच आहे : आडनाव ठेवा, त्यापुढचे शब्द बदला, आणि एजन्सीने सुचवलेले इंग्रजी नाव सोडून द्या.

हे केवळ बाबांच्या मनासाठी सांगत नाही. नगरपरिषदेची निविदा भरताना तुम्ही जी कामपूर्तीची प्रमाणपत्रे आणि वार्षिक उलाढालीचे दाखले जोडता ते सगळे जुन्या नावाने आहेत, आणि निविदा उघडणारा अधिकारी पहिल्या पानावरचे नाव व प्रमाणपत्रावरचे नाव जुळते का, एवढेच आधी पाहतो. नवी संस्था काढली तर पस्तीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव कागदोपत्री शून्यावर येण्याची भीती असते. त्याच भागीदारी संस्थेचे नाव बदलले, म्हणजे भागीदारी करारात दुरुस्ती करून भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६० प्रमाणे निबंधकांकडे बदलाची नोंद केली, आणि मग पॅन व जीएसटीच्या नोंदी त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतल्या, तर संस्था तीच राहते आणि नावबदलाचा एक दाखला प्रत्येक निविदेला जोडून भागते. नवा भागीदार येण्याची नोंद वेगळ्या कलमाखाली, म्हणजे ६३ खाली, करावी लागते. सनदी लेखापालाला दोन्ही कामे एकाच फेरीत करायला सांगा.

आता ‘आर्किटेक्ट्स’ या शब्दाकडे वळू, कारण तुमचा सहकारी भागीदार झाला की तुमच्या पाटीवरचा सर्वांत नाजूक शब्द तो ठरतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम ३७ प्रमाणे नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा वास्तुविशारदांची भागीदारी संस्था यांनाच ही उपाधी लावता येते, आणि अशा संस्थेतले सर्व भागीदार नोंदणीकृत असले पाहिजेत अशी वास्तुविशारद परिषदेची भूमिका आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना असे स्पष्ट केले की कायदा उपाधीला संरक्षण देतो, त्या प्रकारचे काम करण्याला नव्हे. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याच्या कामाला कोणतीही आडकाठी नाही, पण संस्थेच्या नावातल्या त्या शब्दाला आहे. नगररचनाकार या उपाधीला आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या १९५१ पासूनच्या संस्थेचे सदस्यत्व हीच त्या क्षेत्रातली मान्यताप्राप्त खूण. म्हणून संस्थेच्या नावातून ‘आर्किटेक्ट्स’ काढून ‘वास्तुरचना व नगरनियोजन’ असे कामाचे वर्णन करणारे शब्द लिहावेत, आणि उपाधी ज्याची त्याच्या नावापुढे, नोंदणी क्रमांकासह, राहू द्यावी, असे मला वाटते. परवानगीच्या नकाशावर सही व्यक्तीचीच लागते, संस्थेची नाही, त्यामुळे तिथे काही अडत नाही. तरीही पाटी रंगवायला देण्यापूर्वी नेमकी शब्दरचना वकिलांना दाखवा आणि शक्य तर परिषदेला लेखी विचारून उत्तर फायलीत ठेवा.

नावाविषयी आणखी थोडे लिहितो, कारण आडनाव ठेवायला घरातले कोणी तयार झाले नाही तर तुम्ही बहुधा एखाद्या संस्कृत शब्दाकडे वळाल. आकार, सृजन, निर्मिती, रचना, क्षितिज या नावांची कार्यालये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. कामाचे थेट वर्णन करणारा शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेणेही व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ मुळे कठीण जाते. ‘वास्तु’ने सुरू होणारे नाव घेतले तर पहिल्या महिन्यात स्वयंपाकघर आग्नेयेला हवे का, हे विचारणारे फोन येतील. बाळकृष्ण दोशी यांनी १९५६ मध्ये आपल्या कार्यालयाला ‘वास्तुशिल्प’ म्हटले तेव्हा हा शब्द मोकळा होता. आज तो सल्लागारांनी आणि दिनदर्शिकांनी व्यापून टाकला आहे. शब्दात ‘ळ’ असेल तर रोमन लिपीत तो हमखास ‘ल’ होतो आणि मग संकेतस्थळाचा पत्ता एक व पाटीवरचे नाव दुसरे अशी स्थिती येते. तुमच्या आडनावात यातली कोणतीही अडचण नाही. सांगली-मिरजेत ते माहीत आहे, ते उच्चारायला सोपे आहे आणि ते दुसऱ्या कोणी घेतलेले नाही. व्यापारचिन्ह म्हणून त्याची नोंदणी मात्र कराच. वास्तुरचना आणि नगरनियोजनाच्या सेवा ४२ व्या वर्गात येतात, ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी लघुउद्योग म्हणून नोंद असल्यास ४,५०० आणि अन्यथा ९,००० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे नूतनीकरण करता येते.

इतका वेळ नावाविषयीच लिहिले, कारण नाव ठरल्यावर उरणारे काम लोक समजतात त्याहून फार निराळ्या ठिकाणी असते. बोधचिन्ह कसे असावे हे विचारण्याआधी तुमचे कार्यालय लोकांना कुठे भेटते, याची एक आठवडाभर नोंद ठेवा. ग्राहक तुमची पाटी वर्षातून दोनदा पाहत असेल. तुमच्या नकाशाचा उजवा खालचा कोपरा मात्र गवंडी, सेंट्रिंगवाला, बँकेचा मूल्यांकनकार, नगरपरिषदेतला लिपिक आणि शेजारच्या भूखंडाचा मालक अशी कितीतरी माणसे पाहतात. त्या कोपऱ्यातल्या चौकटीला आपण टायटल ब्लॉक म्हणतो, आणि वास्तुविशारदाची खरी पाटी तीच असते. ए-१ आकाराचा, म्हणजे ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटरचा, कागद नीट घड्या घालून ए-४ आकारावर आणला की तीच चौकट फायलीच्या वर येते. कोणते शीट, कितवी सुधारणा, कोणत्या तारखेची, कोणी काढले, कोणी तपासले, हे तिथे हातभर अंतरावरून वाचता आले पाहिजे. एजन्सीच्या ऐंशी पानांत या चौकटीला किती पाने दिली आहेत, ते मोजा. माझा अंदाज असा की एकही दिलेले नसेल. चहाच्या कपावर आणि कापडी पिशवीवर मात्र चिन्ह कसे दिसेल, याची चित्रे नक्की असतील.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. एका अभियंत्याच्या कार्यालयासाठी मी करड्या रंगातल्या केसासारख्या बारीक रेषांचे एक देखणे चिन्ह केले होते. पडद्यावर आणि आर्ट पेपरवर त्याने सगळ्यांची वाहवा मिळवली. तीन महिन्यांनी बांधकामावर गेलो तेव्हा तेच चिन्ह झेरॉक्सच्या झेरॉक्सवर एक धुरकट डाग होऊन बसले होते आणि त्याने सुधारणा क्रमांकाचा रकाना अर्धा झाकला होता. मिस्त्री जुन्या सुधारणेप्रमाणे स्तंभाची सळई बांधत होता. त्यात सगळा दोष चिन्हाचा होता असे नाही, पण तेव्हापासून कोणतेही चिन्ह मी आधी काळ्या-पांढऱ्यात, बारा मिलिमीटर उंचीवर, दोनदा झेरॉक्स करून पाहतो आणि त्यात टिकले तरच पुढे नेतो. तुम्हीही एजन्सीला ही चाचणी घालून द्या.

रंगाच्या बाबतीत तर तुमचा व्यवसाय इतरांहून वेगळाच आहे, आणि सौंदर्यप्रसाधने किंवा शिकवण्या यांच्यासाठी ओळख घडवणाऱ्या माणसाला हे सहसा ठाऊक नसते. तुमच्या कागदावर रंग हे सजावटीचे साधन नसून भाषा आहे. परवानगीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेषांनी आणि अस्तित्वातला रस्ता हिरवा दाखवायचा असतो. भूवापराच्या नकाशात निवासी क्षेत्र पिवळे, वाणिज्य निळे, औद्योगिक जांभळे आणि उद्याने व क्रीडांगणे हिरवी असतात. अशा कागदाच्या कोपऱ्यात निळसर-केशरी चिन्ह ठेवले तर सूचीमध्ये तो रंग शोधणारा एखादा नागरिक तुम्हाला भेटेलच. नकाशावर तुमची ओळख काळीच असावी. पत्रशीर्षावर आणि संकेतस्थळावर हवा तर एखादा रंग वापरा, आणि तोही वरच्या यादीत नसलेला, उदाहरणार्थ गडद विटकरी किंवा शाईचा काळसर तपकिरी.

नगरनियोजनाच्या कामात तर आणखी एक विवेक पाळावा लागतो. नगरपरिषदेने प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास योजनेचा नकाशा हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालचा सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो नियोजन प्राधिकरणाचा असतो, सल्लागाराचा नव्हे. ज्याच्या दीड एकरावर शाळेचे आरक्षण पडले आहे असा शेतकरी सातबारा हातात घेऊन त्या नकाशासमोर उभा राहतो तेव्हा त्याला तुमचे चिन्ह ठळक दिसले, तर आपली जमीन एका खासगी कंपनीने ठरवली असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या नकाशावर तुमचे नाव सर्वांत लहान असू द्या. तुमची ओळख तिथे वेगळ्या रीतीने दिसावी : गट क्रमांक चष्म्याशिवाय वाचता यावेत, रस्त्यांची आणि वस्त्यांची नावे लोक घेतात तशीच असावीत, सूची पूर्ण मराठीत असावी आणि प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक अहवालातल्या तक्त्याशी जुळावा. हरकती-सूचनांच्या सुनावणीला बसलेली समिती, मुख्याधिकारी आणि विरोध करायला आलेली माणसे यांना पुढच्या वेळी ‘ते नीट नकाशे काढणारे सांगलीचे लोक’ एवढे आठवले, तर साडेतीन लाखांतला बराच भाग वाचेल.

याच कारणासाठी मराठी अक्षरांकडे लक्ष द्या. एजन्सीने फक्त रोमन अक्षरांत काम केले आहे असे तुमच्या वर्णनावरून दिसते, आणि मराठी रूप नंतर ‘बसवू’ असे त्यांनी बहुधा सांगितले असेल. हा क्रम उलटा करावा लागेल, कारण तसा कायदाच आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या व्याख्येत वास्तुविशारदाचे कार्यालयही येते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर देवनागरीतला मराठी मजकूर आधी असावा व त्याची अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हे सर्व आस्थापनांना लागू झाले आहे. म्हणजे तुमच्या नावाचे पहिले रूप देवनागरीच. रोमन रूप त्याच्या वजनाला, म्हणजे अक्षरांच्या जाडीला, जुळवून घ्यायचे. कार्यालयीन वापरासाठी टाइप निवडताना त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत की हिंदी वळणाचे, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ नीट जुळतात का, आणि लहान आकारात ‘घ’ व ‘ध’ वेगळे ओळखता येतात का, हे प्रत्यक्ष छापून पाहा. मुंबईच्या एक टाइप या अक्षरशाळेचा ‘मुक्ता’ हा टाइप मुक्त परवान्याने मिळतो, त्याची सात वजने आहेत आणि देवनागरी व रोमन एकाच हाताने आखलेले आहेत. अहवालांना तो पुरेसा आहे. जुन्या संगणकांवरचे युनिकोडपूर्व फाँट मात्र या निमित्ताने काढून टाका. तुमच्याकडून गेलेली फाइल नगरपरिषदेच्या संगणकावर उघडल्यावर रस्त्यांच्या नावांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसत असेल, तर कोणतेही बोधचिन्ह त्याची भरपाई करू शकत नाही.

चार फुटी उजळणाऱ्या अक्षरांविषयी वाचून मला थोडे हसू आले, ते याकरिता की तुमच्या व्यवसायाची आचारसंहिता एजन्सीने उघडूनही पाहिलेली दिसत नाही. वास्तुविशारद (व्यावसायिक आचरण) विनियम, १९८९ प्रमाणे वास्तुविशारदाने आपल्या सेवांची जाहिरात करू नये. कार्यालयाबाहेर आणि स्वतः रचना केलेल्या इमारतीवर नाव लावता येते, पण अक्षरांची उंची १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. चार फूट म्हणजे त्याच्या बारापट. आपले काम वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापून आले तर हरकत नाही, मात्र त्यासाठी पैसे देऊ किंवा घेऊ नयेत. आपल्या अनुभवाची माहितीपुस्तिका काढता येते, पण ती नावाने आणि पदाने ओळखता येतील अशा संभाव्य ग्राहकांनाच द्यायची असते. हे नियम लिहिले गेले तेव्हा समाजमाध्यमे नव्हती, तरी पैसे भरून चालवलेली सहा महिन्यांची मोहीम त्यांच्या शब्दांत आणि हेतूत कशी बसेल, हे मला तरी दिसत नाही. शुल्क भरून मिळणाऱ्या पुरस्कारांनाही मी याच तराजूत तोलतो. तो खर्च प्रस्तावातून सरळ वगळा. संकेतस्थळ करा, त्यावर पूर्ण झालेली कामे वर्षासह आणि ठिकाणासह मांडा, आणि इमारतींइतकीच जागा नगरनियोजनाच्या कामांना द्या, कारण तुमच्या मूळ तक्रारीचे, म्हणजे बदललेले काम कोणाला कळत नाही याचे, उत्तर तिथे आहे. इमारतीचे छायाचित्र काढता येते, विकास योजनेचे येत नाही, म्हणून बहुतेक कार्यालये आपल्या संकेतस्थळावर आहेत त्याहून अधिक वास्तुविशारद आणि कमी नियोजनकार दिसतात. एका गावाचा आधीचा नकाशा, त्यात आढळलेली अडचण, सुचवलेला बदल आणि शेवटी मंजूर झाले ते काय, असे चार चित्रांत आणि दोनशे शब्दांत सांगता येते. नगरपरिषदेची परवानगी घेऊन अशी तीन कामे मांडली तरी पुरे.

पैशांचे म्हणाल तर एजन्सीवर मी रागावलेलो नाही. साडेतीन लाख ही सोळा माणसांच्या कार्यालयाला न परवडणारी रक्कम नसावी, पण ती ज्यावर खर्च होते आहे त्यात तुमच्या उपयोगाचे थोडेच आहे. त्यांना नवा आराखडा द्या : नावाचे देवनागरी व रोमन अक्षररूप, नकाशांच्या तीन आकारांसाठी टायटल ब्लॉक, अहवालाचा साचा तक्त्यांसह, पत्रशीर्ष, नियमात बसणारी पाटी, बांधकामावरचा फलक आणि साधे संकेतस्थळ. नियमपुस्तिका बारा पानांची असली तरी चालेल, मात्र साचे तुम्ही संगणकावर नकाशे काढता त्या कॅडच्या आणि जीआयएसच्या प्रणालीत प्रत्यक्ष चालणारे हवेत, चित्ररूपातले नकोत. एजन्सीला हे जमत नसेल तर उपयोजित कला शिकलेला एखादा अक्षररचनाकार आणि तुमच्याच कार्यालयातली नकाशांची जाण असलेली एक व्यक्ती मिळून ते करू शकतात. कोणाकडूनही करून घ्या, पण स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित करून घ्या. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सहसा तिचा कर्ता असतो, आणि कलम १९ असे सांगते की हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. पाच वर्षांनी स्वतःच्याच चिन्हासाठी पुन्हा बोलणी करावी लागू नयेत, म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात आहेत की नाहीत, ते स्वतः पाहा.

बदल एका दिवसात जाहीर करू नका. नवीन कामांवर पहिल्या दिवसापासून नवी चौकट, चालू कामांवर पुढच्या सुधारणेपासून, आणि जुन्या कामांना हात लावायचा नाही, अशी शिस्त ठेवा. एकाच इमारतीच्या नकाशांत दोन वेगवेगळ्या चौकटी मिसळल्या तर बांधकामावर गोंधळ होतो. दोन वर्षे पत्रशीर्षावर खाली बारीक अक्षरांत जुने पूर्ण नाव राहू द्या.

पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की बाबा त्या दिवशी जुन्या नकाशांची गुंडाळी आवरत होते. १९८८ चे नकाशे म्हणजे ट्रेसिंग पेपरवर पेनाने काढलेले, आणि शीर्षकाची अक्षरे एकतर स्टेन्सिलने किंवा हाताने लिहिलेली. ती जर हाताने लिहिलेली असतील, तर नव्या नावाच्या अक्षररूपासाठी दुसरीकडे शोध घेण्याआधी ती पाहा. त्या काळातल्या वास्तुविशारदांचे देवनागरी वळण आजच्या बहुतेक टाइपांपेक्षा अधिक घट्ट आणि सरळ असे, आणि त्यातली पाच-सहा अक्षरे एखाद्या अक्षररचनाकाराने नीट आखून दिली तर आणखी कशाची गरज पडणार नाही. गुंडाळी उलगडताना कागद कडांना तडकतो, म्हणून एक रात्र सपाट टेबलावर स्वच्छ कागदाखाली वजन ठेवून पडू द्या, मग किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. कोणते शीट निवडायचे ते बाबांनाच विचारा, आणि स्कॅन होईपर्यंत पाटी आहे तिथेच राहू द्या.